सोवळं, साबण आणि खिचडीचा गंज

भाचीनं पुण्याहून येताना स्वयंपाकघरातल्या स्वच्छतेच्या नियमांचा, भिंतीवर लावायचा तक्ता आणला होता. तो ढाणकीच्या घरात ओसरीवर उलगडला आणि आत्यानं वरून खालपर्यंत वाचून, घडी घालून परत तिच्या हातात दिला. वाद तिथून सुरू झाला.

भाचीला यवतमाळ जिल्ह्यात, उमरखेड तालुक्यातल्या या गावात पाळणाघर काढायचं आहे. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुलं, दिवसभर मुक्काम, खाणं तिथंच शिजवलेलं. बँकेत, शाळेत नोकरी करणाऱ्या आयांची मुलं येतील आणि कापूस वेचायला जाणाऱ्यांचीही यावीत, असं तिचं म्हणणं. पुण्यात एका पाळणाघराचं स्वयंपाकघर तिनं सांभाळलं आहे. आत्याची उभी हयात अंगणवाडीत मदतनीस म्हणून गेली. एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला देशभरात 33 प्रकल्पांनी सुरू झाली. आत्या त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली, पण सुकडीपासून गरम ताज्या आहारापर्यंतचा पुढचा प्रवास तिच्या हातून गेला आहे. मी दोघींच्या मध्ये बसून ऐकत होतो.

भाची : न पटण्यासारखं काय आहे त्यात? टोपी, ॲप्रन, हातमोजे, नखं कापलेली, अंगठ्या-बांगड्या नाहीत...

आत्या : मोजे घालून पोळ्या लाटनार का, बाई? मोजा चढवला का बाईले वाटते आपला हात शुद्ध झाला. मंग त्याच हातानं लायटर पेटवते, फोन उचलते, नाक खाजवते अन् परत कणकेत हात. उघडा हात चिकट झाला की बाई आपसूक उठून धुते. मोज्यातल्या हाताले चिकट कळतच नाई.

भाची : आम्ही दर कामानंतर मोजे बदलायचो.

आत्या : तिथं खोका भरलेला होता म्हून. इथं एक जोडी दिवसभर पुरवतीन, अन् संध्याकाळी धुऊन दोरीवर वाळत घालतीन. मी आपल्या बायका ओळखते.

(इथं मी आत्याच्या बाजूचा आहे. ताटलीत तयार पदार्थ वाढताना किंवा बोटाला काप असेल तर पट्टीवरून मोजा हवाच. पण हात धुण्याची जागा मोजा घेऊ शकत नाही. पाळणाघरांत आणि शाळांत हात धुण्याची सवय लावली तर जुलाबाचं प्रमाण साधारण तिसऱ्या हिश्श्यानं घटतं, असं कॉक्रेन या संस्थेच्या 2015 च्या आढाव्यात निघालं. एवढा फायदा एका साबणाच्या वडीतून!)

भाची : बरं, मोजे सोडले. बांगड्या?

आत्या : सवाष्ण बाईले रिकाम्या हातानं ये म्हनशील तर ती येनारच नाई.

भाची : कणीक मळून झाल्यावर बांगड्यांमध्ये काय अडकतं ते पाहिलंस ना? हात धुतला तरी तो लगदा तिथंच वाळतो. दुसऱ्या दिवशी तोच चुरा परत पिठात. आणि काचेची बांगडी गंजात फुटली तर? वरणात काच दिसते का?

आत्या काही वेळ बोलली नाही. तिच्या स्वतःच्या हातात दोन धातूच्या पाटल्या होत्या, घट्ट बसलेल्या. तिनं त्या कोपराकडे सरकवून पाहिल्या. खाली पांढरट पट्टा उमटला होता.

आत्या : काचेच्या नको, हे खरं. एकदा फुटल्यावर अख्खा गंज उपडा केला होता आम्ही. धातूची एकेक राहू दे, पण वर सारून मनगटापर्यंत धुवायचं. हे तुझ्या तक्त्यात नाई. तिथं नुसतं 'नाही, नाही' लिहिलं हाय.

भाची : लिहीन. आता माझं ऐक. तुझी खिचडी किती वाजता उतरायची?

आत्या : दहाले. कधी साडेनऊले. मंग लेकराईची गाणी, वजनं, मोबाईलवरची हजेरी. साडेबारा-एकले वाढायचं.

भाची : तीन तास.

आत्या : झाकून ठेवायचो ना! माशी बसू देली नाई कधी. अन् गार झाली तर वाढताना परत एक उकळी. उकळलं का सगळं मरते.

भाची : तिथंच तर गोम आहे. सगळं मरत नाही. तांदळात एक जंतू असतो, बॅसिलस सिरियस. त्याची बीजं उकळीतून जिवंत सुटतात. भात कोमट झाला की ती उगवतात, वाढतात आणि विष सोडतात. ते विष परत उकळून जात नाही. तसाच दुसरा, स्टॅफिलोकॉकस. तो आपल्या नाकात असतो, बोटावरच्या पिकल्या फोडात असतो. त्याचं विषही उकळीला दाद देत नाही. जंतू मेला तरी त्याची घाण मागं राहते.

आत्या : मंग इतकी वर्षं लेकरं काहून नाई पडले?

भाची : पडली असतील. एखादं दुपारी घरी जाऊन ओकलं, आईनं म्हटलं दृष्ट लागली. तुझ्यापर्यंत आलं नाही.

हे उत्तर आत्याला बोचलं, आणि ते मोघम आहे हेही खरं. मुद्दा मात्र बरोबर आहे. अन्न 60 अंशांच्या वर गरम राहिलं पाहिजे किंवा 5 अंशांच्या खाली थंड. मधली जागा जंतूंची. बाहेर राहिलेलं शिजलेलं अन्न दोन तासांत संपवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वैशाख-ज्येष्ठात विदर्भाच्या या टोकाला पारा 42-43 वर जातो, तेव्हा घरातली हवाच जंतूंना मानवणारी असते. एक जंतू दर 20 मिनिटांनी दुप्पट होतो असं धरलं तर सात तासांत एकाचे 20 लाखांवर होतात. आणि खिचडीचा मोठा गंज फसवा असतो : वरचा थर गार, कडेला कोमट, मध्ये सराटा घातला तर वाफ. बाई मधल्या वाफेकडे पाहून म्हणते, गरम आहे.

आत्या : मंग काय करू म्हन्ते? बाराले चूल पेटवू?

भाची : थोडी आधी. अकराला डाळ-तांदूळ धुऊन ठेव, साडेअकराला चढव, सव्वाबाराला उतरव, साडेबाराला वाढ. वेळच बदलायची. त्याला पैसा लागत नाही.

आत्या : त्याले बाई लागते. सकाळचं काम सकाळी उरकून ती शेतात जाते, तवा तिचं घर चालते. तिले साडेबारापर्यंत थांबवायचं तर पुऱ्या दिवसाची मजुरी दे. आठ रुपयांत बसवून दाखव.

अंगणवाडीतल्या एका मुलाच्या एका दिवसाच्या आहाराला 8 रुपये, हा केंद्रानं 2017 साली ठरवलेला दर. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी मुळात 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं ठरवली होती. स्वयंपाकिणीनं किती वाजेपर्यंत थांबायचं, याचा हिशेब त्या आकड्यात कुणी धरत नाही. शिळी खिचडी बाईच्या आळसातून येते, असं तक्ते लिहिणाऱ्यांना वाटतं. बहुतेक वेळा ती वेळापत्रकातून येते.

आत्या : अन् ते मातीचं काय? मातीत खेळल्याबिगर लेकरू घट्ट होते का? तुमच्या पुण्यात लेकराले धूळ लागली का आयाच फेफरं आल्यावानी करतात.

भाची : मातीत खेळू दे की. चिमूटभर माती तोंडात गेली तर शरीर निभावतं. पण दुधात, पेजेत पडलेला जंतू वाढून, लाखांनी पोटात जातो. आणि तुझ्या अंगणवाडीत तीन वर्षांच्या पुढची मुलं होती. माझ्याकडे सात-आठ महिन्यांची असतील. त्यांचे दोन दिवस जुलाब म्हणजे पाणी आटून दवाखाना.

आत्या : हे मात्र खरं. लहानाचं मले माहीत नाई. आमच्याकडे लहानाच्या खाण्याचं पाकीट घरी जायचं.

भाची : त्या लहानांचे लंगोट कोण बदलणार?

आत्या : जी बाई असन ती.

भाची : आणि पोळ्या?

आत्या : ... तीच.

पाळणाघराच्या स्वयंपाकघरातला सगळ्यात मोठा धोका या तीन टिंबांत आहे. अंगणवाडीत सहसा तो येत नाही, कारण तिथली मुलं चालती-बोलती. पाळणाघरात एकच बाई शी धुते, लंगोट बदलते, रडणाऱ्याला कडेवर घेते आणि कुकरची शिट्टी झाली की ओट्याकडे धावते. ती गलिच्छ नसते, ती एकटी असते. कावीळ, जुलाब, पोटातले जंत, सगळ्यांचा रस्ता हाच : शीपासून बोटाला, बोटापासून घासाला. म्हणून पहिला नियम कामाच्या वाटणीचा हवा. लंगोट बदलणारीनं त्या पाळीत कणकेला हात लावायचा नाही. दुसरा नियम नळाचा. शी धुवायची मोरी वेगळी, हात धुवायचं बेसिन वेगळं आणि भाजी धुवायचं तिसरं. जागा नसेल तर तोटीची टाकी आणि खाली बादली, पण वेगळी.

आत्या : दोन बाया ठेवायच्या म्हन.

भाची : ठेवाव्याच लागतील.

आत्या : मंग तुझ्या तक्त्यातलं ते शेवटचं. 'आजारी व्यक्तीने स्वयंपाक करू नये.' हे कोन पाळनार? जिले जुलाब लागले तिले तू घरी धाडशील. त्या दिवसाचे पैसे?

भाची : नियम तर तसाच आहे. वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, टायफॉईडची लस, जुलाब-उलटी असेल तर अन्नापासून लांब. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2011 च्या नियमांत आहे ते.

आत्या : मी पैशाचं इचारलं.

भाची : कापले जात असतील.

आत्या : मंग ती सांगनारच नाई. पोट धरून येईन, पदरानं घाम पुसन अन् लेकराईले वाढन. मी स्वतः केलं हाय ते. ताप होता, तरी गेली. सुट्टी घेतली का रजिस्टरवर लाल रेघ.

न्यूयॉर्कच्या मेरी मॅलनची गोष्ट इथं सांगण्यासारखी आहे. ती आयरिश स्वयंपाकीण. स्वतः ठणठणीत, पण अंगात टायफॉईडचे जंतू. 1907 साली तिला पकडून एकांतात ठेवलं. 1910 मध्ये, पुन्हा स्वयंपाक करायचा नाही या अटीवर सोडलं. तिला कपडे धुण्याचं काम मिळालं, त्यात स्वयंपाकाच्या मानानं पैसे कमी. काही काळानं ती नाव बदलून पुन्हा स्वयंपाकाला लागली, तेही एका प्रसूती रुग्णालयात. तिथं 1915 मध्ये 25 जणांना टायफॉईड झाला, दोघं दगावली. जग तिला 'टायफॉईड मेरी' म्हणून हिणवतं. तिच्या दोन पगारांतला फरक फार कमी लोक सांगतात. आत्यानं मेरीचं नाव कधी ऐकलेलं नाही, पण तिची अडचण तिला नेमकी ठाऊक आहे.

भाची : म्हणजे आजारपणाची पगारी रजा.

आत्या : ते लिव्ह तक्त्यावर. सगळ्यात वरतं. 'पोट बिघडलं तर सांगा, पैसे कापनार नाही.' मंग पाह्य बाया कशा सांगतात.

मग तेलाचा विषय निघाला. तो आत्यानंच काढला. शेतकऱ्याच्या घरी फवारणीचा रिकामा डबा कधी वाया जात नाही. धुऊन त्यात रॉकेल, कधी पाणी, कधी तेलही भरलं जातं.

आत्या : बचत गटाची एक बाई असंच तेल घेऊन आली होती. डब्यावरचं चिटोरं घासून काढलेलं. मी वास घेतला अन् म्हटलं, हे तेल परत ने. ती भांडली माझ्याशी. मी म्हटलं, भांड.

भाची : तुला नियम माहीत होता?

आत्या : कशाचा नियम! बिहारचं ऐकलं होतं.

16 जुलै 2013. बिहारच्या सारण जिल्ह्यातलं धर्मासती गंडामन गाव. शाळेतल्या दुपारच्या जेवणानं 23 मुलं गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होतं. तेलाचा वास, रंग बरा नाही, असं स्वयंपाकिणीनं मुख्याध्यापिकेला सांगितलं होतं, पण तिचं ऐकलं गेलं नाही, अशा बातम्या तेव्हा आल्या. 2016 मध्ये न्यायालयानं मुख्याध्यापिकेला दोषी ठरवलं. मोनोक्रोटोफॉस हे नाव यवतमाळ जिल्ह्याला परकं नाही. 2017 च्या हंगामात कापसावर फवारणी करताना या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पोचले. त्या चर्चेत इतर औषधांबरोबर हेही नाव होतं. बाटलीच्या गफलतीचं आणखी एक उदाहरण याच जिल्ह्यातलं : 31 जानेवारी 2021 ला घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात पोलिओच्या डोसाऐवजी 12 मुलांना सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली.

भाची : म्हणून माझा नियम : फिनेल, ॲसिड, उंदराचं औषध स्वयंपाकघरात नाही. कुलपाच्या कपाटात, मूळ बाटलीत. थंड पेयाच्या बाटलीत काहीही भरायचं नाही. तेल दुकानातून सीलबंदच.

आत्या : ह्याले मी नाई म्हनत नाई. अन् स्वयंपाकिणीनं 'वास येते' म्हटलं तर तिचं ऐकायचं, हेही लिव्ह.

बिहारच्या त्या घटनेनंतर शाळांमध्ये मुलांच्या आधी मोठ्या माणसानं चव पाहायची, असं बंधन आलं. चव पाहण्याची आत्याची पद्धत भाचीनं तिला करून दाखवायला लावली. सराट्यानं खिचडीचा थेंब डाव्या तळहातावर, जिभेनं चाटायचं, हात पदराला, सराटा परत गंजात. आयुष्यभर अशीच चव पाहिली, असं आत्या म्हणाली. भाचीनं एक वाटी आणि एक चमचा पुढं ठेवला : वाटीत काढ, चमच्यानं खा, दोन्ही घासायला टाक. आत्या हसली, पण वाटी तिनं उचलली.

आत्या : आता तू सांग, दूध कशानं पाजशील?

भाची : बाटली. उकळून, निर्जंतुक करून.

आत्या : त्या बुचाच्या भोकात काय बसते, पाह्यलं का कधी? वाटी-चमचा घे. वाटीले कोपरा नसते.

भाचीला हे मान्य करावं लागलं. आपल्याकडे 1992 च्या कायद्यानंच दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीला बंदी आहे आणि बालरोगतज्ज्ञही वाटी-चमचाच सुचवतात. मात्र मधाच्या बोटावर ती अडून बसली. एक वर्षाच्या आतल्या मुलाला मध नाही, चाटवायलाही नाही. मधात बॉट्युलिझमची बीजं असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात ती उगवतात. सहाणेवरची घुटीही पाळणाघरात नाही. ज्या आईला द्यायची तिनं घरी द्यावी. आत्या पुटपुटली, पण वाद घातला नाही.

पाण्यावर दोघींचं लवकर जमलं. ब्लिचिंग पावडर टाकली एवढ्यावर भागत नाही, नळाच्या टोकाला क्लोरीन उरलं पाहिजे, निदान लिटरला 0.2 मिलिग्रॅम. ते पाहायची ओटी टेस्ट जलसुरक्षकाकडे असते. आत्यानं ती अनेकदा करवून घेतली होती. पिण्याच्या पाण्याला तोटी किंवा लांब दांड्याचं ओगराळं, ग्लास बुडवायचा नाही. यात नवं काही नाही, पाळलं मात्र क्वचितच जातं.

शेवटी आत्यानं जे काढलं, ते तक्त्यात येणं शक्यच नव्हतं.

आत्या : तुझ्याकडे स्वयंपाकाले कोन येनार हाय, हे लोक इचारतीन. स्वच्छ का, असं नाई इचारनार. कोणाची, असं इचारतीन.

भाची : मग?

आत्या : आमच्याकडे एक माय लेकराचा डबा घरून देत जाये. म्हने, अंगणवाडीत स्वच्छता नाई. तिच्या डब्याले बोटभर मळ. मले कळलं होतं तिले काय नको होतं ते.

सर्वोच्च न्यायालयानं 20 एप्रिल 2004 च्या आदेशात, शाळेतला स्वयंपाक करण्यासाठी दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यावं असं म्हटलं, ते उगाच नव्हे. सोवळं माणूस पाहतं आणि साबण हात पाहतो. आपल्याकडे पहिल्याला दुसऱ्याचं नाव देऊन खपवतात. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ कोसबाडला आदिवासी मुलांना आधी न्हाऊ घालत, नखं काढत आणि मग शिकवत. ती स्वच्छता मुलांना जवळ घेणारी होती. भाचीच्या तक्त्यावरचं पांढऱ्या टोपीतल्या बाईचं चित्र कुणाला जवळ घेईल आणि कुणाला दारातून परतवेल, ही आत्याची शंका मला रास्त वाटते. भाचीला ती पूर्ण पटली असं दिसलं नाही.

भाची : तक्ता तरीही लागणारच. तुला सगळं तोंडपाठ आहे, उद्या येणाऱ्या बाईला नसेल.

आत्या : लाव. पण मराठीत मोठ्या अक्षरात, अन् पाच ओळींच्या वर नको. सहावी ओळ कोनी वाचत नाई.

भाची : दोन बाया, पगारी रजा, दुपारपर्यंत थांबायची मजुरी, वेगळं बेसिन... फी किती होईल, कळतंय का? कापूस वेचणारीला परवडणार नाही.

आत्या : बँकवालीकडून जास्त घे.

भाची : आणि बँकवालीनं विचारलं, शेजारच्या लेकराची फी कमी का, तर?

आत्या : ते मंग पाहू. आधी प्लंबरले बोलाव. बेसिन कुठं बसते ते ठरल्याबिगर फीचा आकडा निघत नाई.